गर्दी त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे

आमची एक पुस्तक भिशी आहे. कोथरूड-कर्वेनगरच्या नऊ जणी, दरमहा प्रत्येकी ५०० रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिनं त्या पैशांत हवी ती पुस्तकं घ्यायची आणि वाचून झाली की बाकीच्यांकडे फिरवायची. मागच्या पावसाळ्यात चिठ्ठी निघाली आमच्यातल्या सगळ्यात वडील काकूंची. वय ६१, बँकेतून निवृत्त, सकाळी ज्ञानेश्वरी, संध्याकाळी म्हात्रे पुलापर्यंत फेरी. त्यांनी एका इंग्रजी मालिकेची पाचही पुस्तकं मागवली. एक रॉक बँड, बँडमध्ये पाच पोरं आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रेमकथा. आमच्यातली एक पटकन हसली. "काकू, तुम्ही हे वाचता?"

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. "वाचते की. मोबाइलवर तीनदा वाचलीत. आता हातात हवीत."

त्या हसण्याचा मला घरी येईपर्यंत राग होता. कारण मीही वाचते. आणि या पुस्तकांत नेमकं काय आहे, जगभरच्या लाखो बायका ती का वाचतात, हे नीट समजून घ्यावं इतकी ती नक्कीच मोलाची आहेत असं मला वाटतं.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्स कादंबरीसाठी दोनच अटी सांगितल्या आहेत. प्रेमकथा हा गोष्टीचा कणा हवा आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. या दोन अटी पाळल्या की बाकी लेखकाची मर्जी. नायक डॉक्टर असो, शेतकरी असो, सरदार असो. तो गायक, गिटारवादक किंवा ड्रमर असला की ती रॉकस्टार रोमान्स. नायिका बहुतेकदा त्या झगमगाटाबाहेरची असते. दौऱ्यावर फोटो काढायला आलेली, ड्रमरची धाकटी बहीण, किंवा लहानपणी शेजारी राहणारी आणि दहा वर्षांत एक शब्दही न बोललेली मैत्रीण.

शेवटाची अट किती कडक आहे ते एका उदाहरणावरून कळेल. रॉबिन ली यांची बॉयबँडमधला तरुण गायक आणि त्याच्याहून बऱ्याच मोठ्या, एका मुलीची आई असलेल्या बाईची कादंबरी २०१७ साली आली. त्यात शेवटी दोघं वेगळी होतात. २०२४ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा शेवट बदलून दोघांची पुन्हा भेट घडवली. व्याख्या काटेकोर लावली तर पुस्तक रोमान्समध्ये बसत नाही, चित्रपट बसतो.

"शेवट माहीतच असेल तर वाचायचं कशाला?" असं हमखास विचारलं जातं. पुण्याच्या माणसानं तरी हे विचारू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे तेव्हाही पिटातल्या शेवटच्या माणसाला ठाऊक होतं. तरी लोक रात्र रात्र बसायचे, कारण मिळणार कशी, मधे किती जीव टांगणीला लागणार, हे बघायचं होतं. शेवटाची खात्री असली की मधलं दुःख माणूस मोकळेपणानं भोगू शकतो. दिवसभर घरच्या-बाहेरच्या कुठल्याच गोष्टीची खात्री नसलेल्या बाईला ही खात्री फार मोलाची वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नायक रॉकस्टारच का?

पैसा हे उत्तर अगदीच अपुरं आहे. अब्जाधीश नायकांच्या कादंबऱ्यांचा वेगळा ढीग आहे, पैशासाठी वाचायचं तर त्या आहेतच. दिसण्याचंही तेच, देखणा नायक कुठल्याही प्रेमकथेत मिळतो. रॉकस्टारकडे जे आहे ते या नायकांकडे नसतं, आणि ते म्हणजे लोकांचं लक्ष. हजारो माणसं एकाच वेळी त्याच्याकडे बघत असतात. त्यानं मात्र त्यांच्यातल्या एकाकडेच बघावं असं कुठलंही बंधन त्याच्यावर नाही. म्हणून त्यानं बघितलं तर त्या बघण्याची किंमत चढते.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी टीव्ही आणि रेडिओच्या प्रेक्षकांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो, आणि घरी बसलेल्या माणसाला वाटतं की तो माझ्याशीच बोलतोय, मी त्याला ओळखतो. याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा सोपा मराठी अर्थ एकतर्फी जवळीक. यात वेडेपणा काही नाही. माणसाचा मेंदू चेहरा आणि आवाज वारंवार भेटला की ओळख धरतो, समोरच्यानं आपल्याला पाहिलेलं असो वा नसो.

गायकाच्या बाबतीत ही जवळीक आणखी दाट होते, कारण गाण्यात 'तू' असतो. आपली भावगीतं आठवून बघा. त्यातला 'तू' कोण ते कवी सांगत नाही, आणि म्हणूनच ऐकणारी प्रत्येक जण तिथे स्वतःला ठेवू शकते. मैदानात वीस हजार माणसं उभी असतात, तो 'तू' म्हणतो, आणि वीस हजार जणांना तो आपल्यालाच म्हणाला असं वाटतं. रॉकस्टार रोमान्स इथेच एक साधी गोष्ट करते. त्या 'तू'ला एक नाव देते, एक पत्ता देते. गाणं सगळं जग गुणगुणतंय, आणि त्यातली ती ओळ आपल्या स्वयंपाकघरात, आपण चहा गाळत असताना सुचली होती, हे फक्त दोघांना माहीत आहे. मला तरी या साहित्यातली ही सगळ्यात ताकदीची कल्पना वाटते. सर्वांसमोर उच्चारलेलं आणि तरीही गुपित राहिलेलं प्रेम.

याला जोडूनच नावाची गंमत येते. जवळपास प्रत्येक कादंबरीत जगासाठी त्याचं एक नाव असतं, पोस्टरवरचं, आणि ती त्याला त्याच्या शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं हाक मारते. इंग्रजीत 'यू' एकच, म्हणून जवळीक दाखवायला लेखिकांना नावाचा आधार घ्यावा लागतो. मराठीत हेच किती कमी शब्दांत होईल याचा मी कितीदा विचार करते. सगळी दुनिया त्याला 'सर' म्हणतेय, आयोजक 'अहो' म्हणताहेत, आणि ही मागून येऊन म्हणते, "अरे, जेवलास का?" एका 'अरे'त चारशे पानांचं काम झालं. 'अहो'वरून 'अरे'वर नक्की कुठल्या पानावर यायचं, हे ठरवताना मराठी लेखिकेचा कस लागेल.

पण लक्ष तर क्रिकेटपटूकडेही असतं. मग त्याच्यापेक्षा गायकच का? एक कारण कामाच्या जातीत आहे. उत्तम कव्हर ड्राइव्ह बघून तो माणूस आतून कसा आहे ते कळत नाही. गाणाऱ्याचं कामच आतलं बाहेर काढण्याचं असतं. एरवी न बोलणारा, भांडण झालं की खोलीत जाऊन दार लावणारा पुरुष स्टेजवर जाऊन सगळं सांगून टाकतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी आयुष्य अशा पुरुषांबरोबर काढलंय ज्यांच्या मनात काय आहे ते जेवणात मीठ कमी पडलं तरच कळतं. त्यांना सांगता येणाऱ्या पुरुषाचं आकर्षण वाटलं तर नवल काय?

दुसरं कारण शरीराचं आहे. ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला कधी जवळ उभ्या राहिला असाल तर हे वेगळं सांगायला नको. तिथे आवाज कानाआधी बरगड्यांत पोचतो. ढोलाचा ठोका पोटात जाणवतो आणि ताशाची तर्री सुरू झाली की पायाखालची माती थरथरल्यासारखी वाटते. बेस गिटार आणि ड्रम हेच करतात. चांगल्या लेखिका हे कागदावर आणायला फार बारीक तपशील वापरतात. त्यातला मला आवडणारा तपशील म्हणजे घट्टे. गिटारच्या तारा दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांची टोकं कडक होतात, कातडी जाड होते. उजव्या हाताची बोटं त्या मानानं मऊ राहतात. त्याचा हात हातात घेतल्यावर तिला हा फरक जाणवतो, आणि पोस्टरवरचा माणूस त्या क्षणी रोज सहा-सहा तास काम करणारा माणूस होतो.

संगीत आणि वाट बघणं यांचंही एक नातं आहे. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. अंगावर काटा आणणाऱ्या जागेवर मेंदूत डोपामीन हे सुखाशी निगडित रसायन स्रवतंच, पण ती जागा येणार आहे हे कळल्यावर, आधीच्या काही सेकंदांतही ते मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवतं. सम येण्याआधी मान हलायला लागते ती यामुळेच असावी. प्रेमकथेची वीणही अशीच असते. दोघं एकमेकांच्या जवळ येणार हे कळलेलं असतं आणि लेखिका ते पन्नास पानं लांबवते.

हे वेड नवं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी थोडं मागे बघावं. पियानोवादक फ्रांत्स लिस्टचे हातमोजे आणि रुमाल मिळवायला युरोपातल्या बायका झगडत होत्या, आणि जर्मन कवी हाइनेनं १८४४ साली त्या वेडाला लिस्टच्याच नावावरून एक शब्द दिला. आपल्याकडे बालगंधर्व होते. पुण्यात लोकमान्यांनी ज्यांना ही पदवी दिली ते नारायण श्रीपाद राजहंस. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची, केसांत फुलं माळण्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत. पुरुषानं वठवलेल्या स्त्रीसारखं दिसावंसं वाटणं आणि गायकाच्या प्रेमात पडणं या दोन वेगळ्या ओढी आहेत हे खरं. पण चाहत्याच्या मनात 'हा माझा असावा' आणि 'मी अशी असावी' या दोन्ही एकत्रच राहतात. अलीकडच्या कादंबऱ्यांत नायिका स्वतःच बँडची मुख्य गायिका असते, ती या दुसऱ्या ओढीतून आलेली आहे.

बालगंधर्वांची आणखी एक गोष्ट इथे आठवते. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते संध्याकाळी रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षागृहातून दिसत होती नाटकाची नायिका भामिनी. रंगपटात कोण बसलं होतं, ते कसं बसलं होतं, हे विंगेतल्या दोन-चार माणसांनाच दिसलं असेल. रॉकस्टार रोमान्स वाचकाला तिकीट काढलेल्या खुर्चीवरून उठवते आणि थेट त्या रंगपटात नेऊन बसवते. मेकअप पुसल्यावरचा, घसा बसलेला, रात्री दोन वाजता झोप न येणारा माणूस बघायचा तो तिथेच.

आता जरा कारागिरीबद्दल. पामेला रेजिस या अभ्यासिकेनं २००३ साली प्रेमकथेचे आठ आवश्यक घटक मांडले. त्यातला मला सर्वांत कामाचा वाटतो तो अडथळा. दोघं भेटली, आवडली, लग्न केलं, एवढ्यात गोष्ट संपली तर कादंबरी होत नाही. पाश्चात्त्य लेखिकेची अडचण अशी की आजच्या तिच्या जगात दोन प्रौढ माणसांना अडवणारं फारसं कुणी उरलेलं नाही. रॉकस्टार ही अडचण सोडवतो. प्रसिद्धी स्वतःच अडथळा होते. तो वर्षातले आठ महिने दौऱ्यावर, बाहेर फोटोवाले, रेकॉर्ड कंपनीचा करार, जुनी प्रेयसी, खोट्या बातम्या. आणि अडथळ्याबरोबर जवळीकही आयती मिळते, कारण दौऱ्याच्या बसमध्ये दहा-बारा जण एकावर एक बर्थ लावून झोपतात. ज्यांच्या घरात नाटकवाल्यांचं येणं-जाणं आहे त्यांना हे बिऱ्हाड लगेच ओळखू येईल.

आपल्याकडे अडथळ्यांची टंचाई कधीच नव्हती. जात, पत्रिका, मंगळ, पॅकेज, "मुलगा वनबीएचकेत राहतो", "तिच्या आईचा स्वभाव म्हणे". आमच्या भिशीतली २६ वर्षांची मुलगी हिंजवडीत काम करते, दीड वर्ष तिच्या घरी स्थळं बघणं चालू आहे. तिनं मला सांगितलं, "ताई, त्या पुस्तकांत कुणी कुणाचा बायोडेटा मागत नाही. भांडतात ते एकमेकांशीच. मध्ये मामा नसतो." मला हे फार नेमकं वाटलं. परदेशी वाचकाला ज्यात अडथळ्यांची मजा येते, त्याच पुस्तकात पुण्यातल्या मुलीला ओळखीचे अडथळे नसल्याचा विसावा मिळतो.

काकूंच्या पाच पुस्तकांमागे थोडं अर्थकारणही आहे. २००७ साली अॅमेझॉननं लेखकांना स्वतःच ई-पुस्तक काढायची सोय दिली, आणि प्रकाशकांना नको असलेले विषय थेट वाचकांपर्यंत जायला लागले. पुढे वर्गणी भरून हवं तेवढं वाचायची योजना आली, आणि २०१५ पासून त्यात लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशोबानं पैसे मिळू लागले. साहजिकच वाचक पुढच्या पुस्तकाकडे ओढला जाणं लेखिकेच्या फायद्याचं झालं, आणि बँड हा त्यासाठी तयार साचा. पहिल्या भागात गायकाची गोष्ट चालू असतानाच कोपऱ्यात बसलेला अबोल बेस गिटारवाला आपल्याला आवडून ठेवायचा, त्याचा भाग चौथा. चाहत्यांनी खऱ्या बँडवर लिहिलेल्या गोष्टींतूनही लेखिका पुढे आल्या. अॅना टॉड यांनी २०१३ साली वॉटपॅड या गोष्टी लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर वन डिरेक्शन या बँडच्या गायकावर बेतलेली गोष्ट टाकायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ती छापील पुस्तक झाली. मराठीत अशा क्रमशः प्रेमकथा प्रतिलिपी या ॲपवर रोज वाचल्या जातात, रात्रीची भांडी झाल्यावर, मोबाइलचा उजेड कमी करून.

तो उजेड कमी करण्याबद्दल मला बोलायचं आहे. माझी एक मावशी मिल्स अँड बूनच्या पुस्तकांना शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घालायची. आज मेट्रोत वनाझहून रामवाडीपर्यंत मोबाइलवर वाचणाऱ्या बाईला कव्हर लागत नाही, तरी शेजारी कुणी डोकावलं की ती पडदा काळा करते. प्रेमाचं वाचन लपवायची सवय आपल्याला लावली गेली आहे. चंद्रकांत काकोडकरांची कवी नायकाची कादंबरी 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली तेव्हा अश्लीलतेचा खटला झाला. ती अश्लील नाही हे सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत १९६९ उजाडलं.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेनं एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. तिनं कथेतल्या नायक-नायिकांबद्दल विचारलं, आणि बायका पुन्हा पुन्हा वाचण्याच्या कृतीबद्दल बोलत राहिल्या. पुस्तक हातात असलं की तो वेळ माझा असतो, नवऱ्याला आणि मुलांना कळतं की आत्ता हाक मारायची नाही. सगळ्यांकडे लक्ष देणाऱ्या बाईकडे लक्ष देणारं घरात कुणी नसतं, हे रॅडवेनं नीट टिपलंय. मला वाटतं, पुस्तकातला नायक आणि हा वाचनाचा तास, दोन्हींकडून तिला एकच गोष्ट मिळते.

या पुस्तकांत मला खटकणारं एक आहे आणि ते लपवणार नाही. बऱ्याच कादंबऱ्यांत नायक दारू किंवा ड्रग्जमध्ये बुडालेला असतो आणि तिच्या प्रेमानं सुटतो. पुण्यात राहून हे मुकाट्यानं वाचवत नाही. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून हे शहर ऐकत आलंय की व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात, आणि घरच्या बाईनं आणखी प्रेम केलं म्हणून तो बरा होत नाही. उलट "माझंच काही कमी पडलं" हे ओझं तिच्यावर चढतं. खऱ्या रॉक संगीताच्या इतिहासात तर कोवळ्या मुलींचं शोषणही आहे, आणि कादंबऱ्या ते सफाईनं पुसतात. अलीकडच्या काही लेखिका नायकाला उपचार केंद्रात पाठवतात, तो पुन्हा घसरतो, ती त्याच्याशिवाय जगायचं ठरवते, मग वर्षभरानं तो परत येतो. अशी पुस्तकं मी आवर्जून भिशीत फिरवते.

काकूंच्या पाच पुस्तकांतलं तिसरं अखेर माझ्याकडे आलं. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. स्टेजवर गाणाऱ्यांच्या कानात हल्ली छोटे मॉनिटर असतात. गर्दीचा गोंगाट बंद होतो आणि स्वतःचा आवाज, ठेका तेवढा ऐकू येतो, त्याशिवाय एवढ्या आवाजात सुरात गाणं कठीण. त्या पानावर कार्यक्रम चालू आहे, ती विंगेत उभी आहे आणि काहीतरी म्हणते. त्याला ऐकू जात नाही. दोन कडव्यांच्या मधल्या वाजवण्यात तो तिच्याजवळ येतो, कानातला मॉनिटर ओढून काढतो आणि म्हणतो, पुन्हा सांग.

पुढच्या भिशीला मी काकूंना विचारलं, हेच पान का दुमडलंत? त्या चकल्या ताटलीत मांडत होत्या. म्हणाल्या, "अगं, ती काय म्हणाली होती ते आठवतंय का तुला? काहीच विशेष नव्हतं. पाऊस सुरू झालाय, एवढंच म्हणाली होती."